वंदीनं अंगावर घेतलेली घंटा

टीव्हीवर शाळेतली ती हसायची मालिका लागली होती. एक पोरगी मैत्रिणीसाठी उठली आणि म्हणाली, "सर, काच मी फोडली." सगळे हसले, मला नाही हसू आलं. मला आमच्या वर्गातली वंदी आठवली.

आमच्या शाळेत घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि वाजवायची पाळी आम्हा पोरींची. नववीत माझ्या पाळीला मी ऑफिसातलं पाचावर बंद पडलेलं घड्याळ बघितलं आणि तासभर आधीच शाळा सुटायची घंटा दिली! पोरं दप्तरं घेऊन पार ओढ्यापर्यंत पळाली. बाई ओरडल्या, "कुणी वाजवली?" वंदी म्हणाली, "मी, बाई." मैदानाला दहा फेऱ्या मारल्या तिनं, आणि पळता पळता मलाच म्हणते कशी, "येडे, रडू नको, कळंल ना त्यांना!" मी खरं सांगितलंच नाही. किती गोड दिवस होते, आणि किती भित्री होते मी.

आज बाळाला पाजताना माझा डोळा लागला आणि ते पलंगावरून पडलं. कपाळाला टेंगूळ आलंय, आता खेळतंय, पण माझं काळीज थाऱ्यावर नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, आईला सांगते माझ्या हातनं पडलं. मला काय, दोन शिव्या!" अगदी वंदीच.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. नणंदेनं तोंड उघडायच्या आत मी बाळाला छातीशी धरून उठले.

"आत्याबाई, माझा डोळा लागला होता. बाळ माझ्याकडनं पडलं."