कागदावरचा तलाव

लोकलेखा समितीचे आमदार जळगावच्या आमच्या कार्यालयात चौकशीला आले, तेव्हा मी तिथे टंकलेखक होतो. पारोळ्याकडचा एक पाझर तलाव फक्त कागदावर बांधला गेला होता, आणि त्याचं उत्तर द्यायचं होतं. आदल्या दिवशी साहेबांनी निवृत्तीला आलेल्या आमच्या एका कारकुनांना बोलावलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

"नाना, तलाव झाल्याची नोंद माझ्या चुकीनं झाली, एवढं तुम्ही समितीला म्हणा. पुढचं मी सांभाळतो."

नाना समितीसमोर तसंच म्हणाले.

"म्हणजे आख्खा तलावच चुकून झाला?" अध्यक्षांनी विचारलं. आमदार हसले, साहेब हसले. मीही हसलो. मग सगळे भरीत-पुरीच्या जेवणाला उठले, आणि नाना तिथेच उभे राहिले.

नानांच्या निलंबनाचा आदेश मीच टाइप केला. तो घेऊन ते साहेबांना भेटायला आले, तेव्हा मी दार अडवलं.

"साहेब दौऱ्यावर आहेत, नाना."

तेवढ्यात आत साहेब खोकले. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते जिना उतरले.

पेन्शन सुरू होण्याआधीच नाना गेले. त्यांच्या जागेवर माझी बढती झाली होती. मी सांत्वनालाही त्यांच्या दारावर गेलो नाही.