शाडूला लागलेला वारा

पेण आणि रोहा ही शेजारशेजारची गावं आहेत, असं मी अर्जात लिहिलं. नकाशा मोबाइलवर होता, चष्मा घरी होता, आणि त्या बोटभर अंतरात नागोठणं आणि वडखळ मावतात हे मला दिसलं नाही. अर्ज होता कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी असलेल्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा. विषय स्वच्छ ऊर्जा आणि ऊनपाऊस सोसणाऱ्या इमारती. मी घाटावरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. उष्णतेवरचे तास घेताना माझ्या डोक्यावर पंखा असतो. आता सुट्टीत पत्र्याखाली खरोखर किती उकडतं ते मोजायचं आणि ते कमी करण्याचा एखादा साधा उपाय करून बघायचा, एवढंच काम होतं. अर्ज मंजूर झाला. तपासणाऱ्यांचाही चष्मा घरी राहिला असावा.

खोली घेतली ती रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात. घरमालक कंपनीत शिफ्टला जाणारे. त्यांनी किल्ली देताना काम कुठे विचारलं. म्हटलं, थोडं इथे, बरंचसं पेणला.

"मग पेणला का नाय राहिलात?"

"जवळच आहे ना?"

त्यांनी माझ्या पायाशी ठेवलेल्या यंत्रांच्या पेटीकडे बघितलं. "जवळ हाय," ते म्हणाले. "सकाळी लवकर निघालात तर दुपारी जवळ हाय."

पहिला आठवडा रोह्यातच गेला. रोज कुंडलिका नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात जायचं, घरं बघायची, परवानगी मागायची, छपराखाली आणि छपरावर तापमापक टांगायचे. दुपारी बारानंतर पत्र्यावर हात टेकवत नाही. घामानं वहीची पानं एकमेकांना चिकटत. एका कौलारू घरावर चढलो तेव्हा कौल फुटलं आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत खाली स्वयंपाकघरात लोंबू लागला. खाली बाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि जेवायचंच होतं तर दारातून यायचं होतं, एवढंच म्हणाल्या. मग खरंच जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि कच्चा कांदा. गुडघ्याला हळद लावून मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी कौल बदलून दिलं आणि पुन्हा कौलांवर चढलो नाही.

मग पेण सुरू झालं. पहिल्याच दिवशी बसमध्ये डोळा लागला. कंडक्टरनं काहीतरी ओरडलं, मी दचकून पेटीसकट उतरलो. बस निघून गेल्यावर पाटी वाचली, वडखळ. अलिबागचा रस्ता जिथे हायवे सोडतो त्या नाक्यावर मी धूळ खात उभा होतो आणि पेण अजून पुढे होतं. पुढच्या दिवसांत असा मी आणखी दोनदा उतरलो. तिथला उसाचा रसवाला मला बघितलं की न विचारता ग्लास भरायला लागला.

ज्या शेडसाठी ही सगळी पायपीट होती ती पेणच्या बाहेर, शेताच्या कडेला होती. गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे चिमणी नाही की भोंगा नाही. पत्र्याची लांबट शेड, फळ्यांवर ओळीनं मूर्ती आणि पाटांवर बसून काम करणाऱ्या सहा बायका. मालकीण सुनंदाताई, पन्नाशीच्या, कपाळावर शाडूचा वाळलेला पट्टा. त्यांच्या शेडमध्ये दोन महिन्यांत एकदोघी चक्कर येऊन पडल्या होत्या, म्हणूनच त्यांनी मला आत घेतलं. नाहीतर मापं घ्यायला येणाऱ्यांचा त्यांना कंटाळा होता.

आधी आम्ही छपराला पांढरा रंग दिला. तो उपाय लागू पडला, हे मी नम्रपणे नमूद करतो, कारण या लेखात तशी संधी पुन्हा येणार नाही. मग मी सोलर पंखा काढला. छपरावर पॅनल, भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा, वीज गेली तरी चालणारा. सुनंदाताईंनी तो हातात घेऊन बघितला.

"आखणीवाल्या बायकांच्या कोपऱ्यात लावा," त्या म्हणाल्या. (आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं.) "पण मूर्तींकडच्या खिडक्यांची गोणपाटं काढायची नाय. ओल्या शाडूला वारा चालत नाय."

मी मान हलवली. हायवेची धूळ अडवायला ती गोणपाटं असणार, आणि बाकीची ही श्रद्धा, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. बावीस वर्षं शिकवलं की माणूस ऐकताना फक्त स्वतःचंच ऐकतो.

त्या दिवसांत फळ्यांवर होत्या त्या मूर्ती परदेशी जायच्या होत्या. जहाज ठरलेलं, बंदरावर नेणारा ट्रक ठरलेला. शाडूच्या मूर्ती सावलीत, सावकाश, आपल्या गतीनं वाळतात. त्यांना घाई करता येत नाही आणि जहाज थांबत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये सुनंदाताईंचं वर्ष उभं होतं.

एका शुक्रवारी गावात हळद होती. कारखाना बंद. सुनंदाताईंनी मला किल्ली दिली, म्हणजे माझं मोजमाप चुकायला नको. मी एकटाच शेडमध्ये. पंखा चालू केला, पण खिडक्यांवर गोणपाटं असल्यामुळे हवा खेचायला वाटच नव्हती. आकडे जागचे हलेनात. दुपारी एकच्या सुमाराला मी गोणपाटं काढली. सगळी. शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुळूक वाहायला लागली आणि पारा उतरला. काय सुंदर आलेख निघाला. मी खुर्ची ओढून, पाय पसरून, पंखा आणि खिडकी यांच्या मधोमध बसलो. आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. संध्याकाळी निघताना गोणपाटं पुन्हा होती तशी लावली. मी नीटनेटका माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळ्या बायका फळ्यांपाशी उभ्या होत्या. खिडक्यांसमोरच्या दोन फळ्यांवरच्या मूर्तींना तडे गेले होते. मानेला, कोपराला, सोंड जिथून निघते तिथे. केसाएवढे काही, काहींत नख जाईल एवढे.

सुनंदाताई एकेक मूर्ती फिरवून बघत होत्या. माती मळायचं काम वनिताचं, तिशीतली, कमी बोलणारी, सहा बायकांत सगळ्यात नवीन. शाडूला हात लावायला मिळावा म्हणून तिनं दोन वर्षं नुसते साचे पुसले होते. सुनंदाताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "वनिता, माती नीट मळली नाय गो तू."

"मळली व्हती, ताई."

"मग हे काय हाय?"

सुनंदाताईंनी सांगितलं की आजपासून तिनं परत साचे पुसायचे, माती दुसरी कोणी बघेल. वनिता उठली, हात धुतले आणि खरंच साचे पुसायला बसली. मला कोणीतरी चहा आणून दिला.

मी तो चहा प्यायलो. हे लिहायला लाज वाटते, पण प्यायलो, अर्धा कप. त्या अर्ध्या कपात मी अनेक कारणं शोधली. हवेतली आर्द्रता, मातीचा दर्जा, पांढरा रंग. मग पारा उतरल्याचा तो सुंदर आलेख आठवला आणि कारणं संपली. वारा उष्णता नेतो तसा ओलावाही नेतो. वरची कातडी आधी सुकते, आतलं ओलं राहतं, आणि ताणानं तडा जातो. हे आमच्या पुस्तकात आहे. ते प्रकरण मी दरवर्षी सुट्टीच्या तोंडावर उरकतो.

"ताई, तिची चूक नाही," मी म्हणालो. "काल मी गोणपाटं काढली होती. दुपारभर."

कोणी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. सुनंदाताई खिडकीशी गेल्या, गोणपाटाला हात लावला. "उलटं लागलंय ते सकाळीच बघितलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हळदीच्या गडबडीत मीच लावलं." मग तिथूनच, मागे न वळता, "वनिता, साचे ठेव. उद्या माती तूच मळ."

वनिता माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, हात धुवा आणि बसा."

पुढचे सगळे दिवस मी तिच्याकडे शिकत होतो. तड्यात आधी ओला ब्रश, मग पातळ शाडू, मग अंगठ्यानं दाब, मग ओलं फडकं, मग थांबायचं. थांबणं सगळ्यात कठीण. मी भसाभस भरायचो, ती खरवडून काढायची. एकदा तिनं विचारलं, कॉलेजात पोरं तुम्हाला मारत नायत का? मी म्हटलं, परीक्षा माझ्या हातात असते. सकाळी रोह्याहून निघायचं, संध्याकाळी पाठ मोडून परतायचं, वरशाच्या खोलीत नखांतली माती काडीनं काढत झोपायचं. तापमापक आपले आकडे नोंदवत राहिले, ते वाचायचं त्राण मला नव्हतं.

पाच मूर्ती वाचल्या नाहीत. वनितानं त्या पाण्याच्या टाकीत सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी मऊ माती होती, चेहरे नव्हते. ट्रक आला तेव्हा बाकी सगळ्या मूर्ती पेंढ्यात बसल्या आणि गेल्या. पाच कमी का, ते सुनंदाताईंनी परदेशातल्या माणसाला फोनवर स्वतः सांगितलं, आणि त्यात माझं नाव कुठे आलं नाही. ते आलं असतं तर मी कमी ओशाळलो असतो, असं तेव्हा वाटलं.

फेलोशिपच्या अहवालात मी त्या शुक्रवारचा आलेख ठेवला. तो कसा मिळाला तेही खाली लिहिलं. निष्कर्ष दोन. पांढरं छप्पर करावं. ओल्या शाडूच्या शेडमध्ये काहीही करण्याआधी शाडूला हात लावणाऱ्यांना विचारावं. एवढं कळायला एक अख्खा मे महिना, एक गुडघा आणि पाच गणपती लागले. याहून हुशार लोकांना कमी लागत असेल.

निघायच्या दिवशी पेटी घेऊन शेडवर गेलो. पंखा आता मागच्या पडवीत होता, तिथे बायका डबा खायला बसत. सुनंदाताईंनी हातात पेणचे पोह्याचे पापड ठेवले. मला जरा भरून आलं, म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज करावा म्हणतो, चालेल ना?

त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पेटी पाठवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ. ती निदान कशाला हात तरी लावत नाय."