उतारावर कडक झालेला ब्रेक

या, असे जवळ सरकून बसा. आणि आधी थोडी बोलणी खा. पोलिसाची गोष्ट म्हटली की तुम्हाला खून नाहीतर दरोडाच हवा असतो. अपघात म्हटलं की लगेच तुमचं बोट मोबाईलवर. पण मला नोकरीत सगळ्यात जास्त घाम फोडला तो एका कारच्या ब्रेकने. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं अजून त्याच गावात राहतात.

तेव्हा मी तुमसर तालुक्यातल्या जंगलपट्टीत ठाणेदार होते. दुपारी बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याचा फोन आला. हा माणूस उगाच फोन करणारा नव्हता.

"मॅडम, लवकर या. लोक गॅरेजाकडे निघून राहिले. एकाच्या हातात डिझेलची कॅन आहे."

सकाळीच नाकाडोंगरीकडच्या जंगलातल्या उतारावर एक कार पुलाच्या कठड्यावर आदळली होती. चालवणारा गावातला किराणा दुकानदार. तो बचावला, पण शेजारी बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईचं मांडीचं हाड मोडलं. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं होतं, असं तो ज्याला त्याला सांगत होता. ब्रेकचं काम आदल्याच दिवशी गावातल्या गॅरेजवाल्याने केलं होतं. गाडी उशिरा दिली म्हणून दोघांची चौकात चांगली जुंपली होती आणि गॅरेजवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुले पाहून घेतो." गावाला आणखी काय लागतं?

आम्ही पोचलो तेव्हा गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि तो आत टायरांच्या मागे बसला होता. शिपायांचं कडं करून त्याला जीपमध्ये घातलं. एक दगड बॉनेटवर आलाच. जमाव मागोमाग ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी डायरीत नोंद केली, भंडाऱ्याहून जादा कुमक मागितली आणि त्याला समोर बसवलं.

"काय केलंस ब्रेकला?"

"पॅड बदलले जी, ब्रेक ऑइल टाकलं. चालवून पण पाहिलो."

"आणि पाहून घेतो कोणाला म्हणालास?"

"तो मले चोर म्हणे, मॅडम. तोंडातून निघून गेलं." बाहेरून आवाज येत होता, "त्याले आमच्या हाती द्या." तो हळूच म्हणाला, "घरी बायको एकटीच आहे. तिकडे कोणी गेलं तर?" मी दोन शिपाई त्याच्या घरी पाठवले. फाटकावर आता चारच शिपाई उरले.

नोकरीची पहिली वर्षं माझी वाहन विभागात गेली आहेत. जीप मी कोणी शिकवायची वाट न पाहता शिकले. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की: ब्रेक ऑइल गळालं किंवा त्यात हवा गेली, तर पेडल मऊ होतं, खाली बसतं. पेडल कडक होतं ते बूस्टरची मदत तुटली की. चालू इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर हा बूस्टर पायाला जोर पुरवतो. आणि पॅड बदलणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. मग बिघडलं काय?

तेवढ्यात दवाखान्यात जबाब घ्यायला गेलेल्या महिला शिपायाचा फोन आला. "मॅडम, आजी शुद्धीत आहे. ती म्हणते, पोरगा सावकाशच चालवत होता, उतारावर तर गाडीचा आवाजही नव्हता. झाडीतला मोर ओरडला तो पण ऐकू आला म्हणते."

इंजिन चालू असताना मोर ऐकू आला?

जमावातच उभ्या असलेल्या दुकानदाराला आत बोलावलं. "पेडल कडक झालं तेव्हा स्टेअरिंग कसं होतं?"

"तेही जड झालं होतं मॅडम. वळतच नव्हतं. त्यानं तेही बिघडवलं असन."

"गाडी बंद केली होती का उतारावर?"

"हो तर," तो जराही न अडखळता म्हणाला. "उतारावर पेट्रोल कायले जाळायचं? सगळेच करतात जी."

खरंच सगळेच करतात. त्या रस्त्यावर टिप्परपासून कारपर्यंत सगळे उतार लागला की गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवतात आणि इंजिन बंद करतात. इतकं रोजचं, की तो खोटं बोलत नव्हता, फक्त सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

दोन पंच बोलावले. त्याची कार ठाण्याच्या अंगणात आणलेलीच होती. ऑइल पाहिलं, पुरेपूर. बूस्टरचा पाईप पाहिला, धड. समोरचा भाग चेपला होता, पण इंजिन शाबूत होतं. दुकानदाराला सीटवर बसवलं.

"बंद गाडीतच ब्रेक दाबा. आणखी दाबा."

तिसऱ्या-चौथ्यांदा त्याचा पाय अडला. "असंच झालं होतं मॅडम. अगदी असंच."

"पाय काढू नका. आता किल्ली फिरवा."

इंजिन सुरू झालं आणि पेडल त्याच्या पायाखाली आपोआप थोडं खाली गेलं. बूस्टर ठणठणीत होता, बंद इंजिनामुळे त्याची ओढ तेवढी तुटली होती. त्याने पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मायले काय सांगू मी?" तो म्हणाला. आणि मग, "मॅडम, मशीन बिघडली होती असंच लिहा ना."

"मग बाहेरच्या लोकांना कोण सांगणार? त्यांच्याजवळ डिझेल आहे."

मी त्याला फाटकापर्यंत नेलं. माझं कोणी ऐकलं नसतं, त्याचंच ऐकलं असतं. तो म्हणाला, "गाडी मीच बंद केली होती. त्याचा काही कसूर नाही. घरी जा." कोणीतरी ओरडलं, "पोलिसानं पढवलं काय रे?" त्यावर तो चिडला. "माझी माय दवाखान्यात पडून आहे, मी खोटं बोलीन काय?" तेव्हा कुठे कॅनवाला मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनीही तेच लिहिलं. गुन्हा दुकानदारावर दाखल झाला. आजी काठी घेऊन का होईना, चालू लागली. गॅरेजवाल्याने पुष्कळ दिवसांनी शटर उघडलं. आता ब्रेकचं काम केलं की तो गिऱ्हाइकालाच सीटवर बसवतो आणि आधी बंद, मग चालू गाडीत पेडल दाबायला लावतो. "माझ्यावर नको, तुमच्या पायावर भरोसा ठेवा," म्हणतो.

मी यातून शिकले ते एवढंच. माणूस खरं बोलत असला तरी सगळं बोलत असतोच असं नाही. रोजचं जे आहे ते तो सोडून देतो. त्यानंतर मी प्रत्येक जबाबात आधी रोजचंच विचारत गेले. पुष्कळदा गुंता तिथेच सुटला, आणि कोणाचं तरी घर वाचलं.

आता निवृत्त होऊन मी लाखनीला असते, दिवसभर घरीच. फोनवर ही गोष्ट सांगून मजा येत नाही. सणावाराची वाट पाहू नका, पुन्हा लवकर या भेटायला.