मिठ्या मारणाऱ्या हॉलिसचं पिस्तूल

हॉलिस टीगने दुकानात पाय ठेवला की माझं डोकं दुखायला लागतं. मी खोगिरं शिवतो, पट्टे शिवतो, आणि अलीकडे आमच्या या ओक्लाहोमात खोगिरांपेक्षा पिस्तुलं अडकवायची होल्स्टरंच जास्त शिवतो. एखादं परत आलं तर मी मनाला लावून घेत नाही. इथे ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याच्या घरी न जमलेल्या होल्स्टरांचा एक खोका असतोच. पण हॉलिसने एका वर्षात चार परत आणली, आणि चारही माझ्याच हातची.

हॉलिस एकाहत्तर वर्षांचा. उभी हयात शेतांवरच्या घरांच्या टाक्यांत गॅस भरत फिरण्यात गेली. कित्येक वर्षं दर रविवारी आमच्या बॅप्टिस्ट चर्चच्या दारात उभा राहतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारतो. नुसता हात मिळवून त्याचं भागत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या काउंटीत एक माथेफिरू बंदूक घेऊन चर्चमध्ये घुसला. सुदैवाने कोणी मेलं नाही, पण आमच्याकडे लगेच पाच जणांचं राखणीचं पथक ठरलं. अट एकच होती, पिस्तूल कोणाच्या लक्षात येता कामा नये. पहिला हात वर केला तो हॉलिसने. त्या दिवसापासून त्याने माझ्या नाकी नऊ आणले आहेत.

पहिलं होल्स्टर मी त्याला कमरेच्या उजव्या बाजूला, कोटाखाली बसेल असं शिवून दिलं. दोन रविवारांत स्वारी हजर.

"लायल, हे कळतं सगळ्यांना."

"कसं कळेल? वर कोट आहे ना?"

"दिसत नाही रे, मिठी मारली की लागतं. गंथर बाई म्हणाल्या, हॉलिस, कमरेत हाड वाढलंय की काय तुझ्या?"

मग पोटापाशी, पँटच्या आत बसणारं दिलं. तर म्हणे, उभं असलं की ठीक, पण बसलं की सकाळचा नाश्ता वर येतो, आणि चर्चमध्ये दर गाण्याला उठायचं-बसायचं चालूच असतं. तिसरं काखेतलं. ते घालून याने मिठीसाठी हात पसरले, कोट उघडला आणि गाणाऱ्या बायकांनी अख्खं पिस्तूल पाहिलं. चौथं घोट्याला बांधायचं.

"गुडघा वाकत नाही माझा," हॉलिस म्हणाला. "वाकून हे काढेपर्यंत आपल्या पाद्र्याचं, ब्रदर टर्नरचं, प्रवचन संपेल."

"त्यांचं प्रवचन संपतं कुठे? भरपूर वेळ आहे तुला."

"थट्टा नको, लायल."

"मग खरं सांगतो. खोट चामड्यात नाही, तुझ्या हातांत आहे. मिठ्या बंद कर, पहिलंच होल्स्टर जन्मभर चालेल."

"ते सोडून बोल," तो म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर महिनाभर तो फिरकला नाही. मला वाटलं, सुटलो. पण या शहाण्याने काय केलं असेल? होल्स्टरच सोडून दिलं. पिस्तूल तसंच उघडं, कोटाच्या उजव्या खिशात टाकून दारात उभा राहायला लागला. त्याच खिशात तो वर्षानुवर्षं पोरांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचा. पोरं विचारतही नसत, सरळ हात घालत. गोळ्या त्याने डाव्या खिशात हलवल्या, पण ते पोरांना कोण सांगणार?

मेमधल्या एका रविवारी चार वर्षांच्या एमालीनने नेहमीसारखा उजव्या खिशात हात घातला. हॉलिसने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली. आईने, केसीने, धावत येऊन हात बाहेर काढला. पिस्तुलातून गोळी सुटली नाही. केसीने खिशात डोकावून पाहिलं, पोरीला उचललं आणि सरळ गाडीत जाऊन बसली.

सोमवारी तो दुकानात आला तेव्हा मी त्याला बसही म्हटलं नाही.

"होल्स्टर कशासाठी असतं, हॉलिस? शोभेला? चाप झाकायला असतं. तेवढं एकच काम आहे त्याचं. आणि तू ते उघडं, खिशात, पोरांच्या हाताशी? अक्कल गॅसच्या टाकीत विसरलास का?"

"बोल," तो म्हणाला. "बोल अजून."

त्यामुळे मी आणखीच चिडलो. "ब्रदर टर्नर काय म्हणाले?"

"रविवारपर्यंत ठरव म्हणाले. पिस्तूल किंवा दार."

"मग ठरव ना. मिठीचं एवढं काय अडलंय?"

हॉलिस माझ्या टेबलावरचे चामड्याचे तुकडे सारखे करत राहिला. मग म्हणाला, "माझ्या नॅडीनला जाऊन सहा वर्षं झाली. सोमवार ते शनिवार मला कोणाचा हात लागत नाही, लायल. महिन्यातून एकदा न्हावी मानेला हात लावतो तेवढाच."

मी रागाच्या भरात होतो, तो राग कुठे ठेवावा हे कळेना.

"मग राखणीला हात वर कशाला केलास, मूर्खा?"

"दारात पहिला मीच असतो ना. कोणी आलंच, तर आतल्या सगळ्यांच्या आधी मी. रिकाम्या हाताने कसा उभा राहू?"

रविवारी तो पिस्तूल घरी ठेवून आला. त्याची राखणीची जागा मी घेतली, आणि त्याने परत केलेलं पहिलं होल्स्टर स्वतःच्या कमरेला लावलं. केसीही आली. तिने हॉलिसला मिठी मारू दिली, आखडून का होईना. एमालीन मात्र आईच्या झग्यामागे लपली. हॉलिस वाकला, थोडा वेळ तसाच थांबला. ती आली नाही. तो कण्हत सरळ झाला आणि गंथर बाईंकडे वळला.

मी वीस वर्षं या चर्चमध्ये बाजूच्या दाराने जातोय. त्याच्या मिठ्या चुकवण्यासाठी, दुसरं काय? त्या दिवशी पुढच्या दाराने गेलो. माझी पाळी आली तसे त्याने हात पसरले, आणि होल्स्टर आमच्या दोघांच्या मध्ये रुतलं.

"टोचतंय रे," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणालो.

त्याने सोडलं नाही. मागे रांग लागली होती, कोणीतरी खाकरलं, तरी मीही नाही सोडलं.