सिग्नल काकांचा डबा

आमच्या गल्लीत सिग्नल काकांना हाका मारून काही उपयोग नसे, हातच दाखवावा लागे. उभा जन्म त्यांनी भिलाईच्या कारखान्यात उंच क्रेनवर बसून वितळलेल्या लोखंडाची भांडी इकडून तिकडे नेली. त्या गोंगाटात बोलणं कोण ऐकतंय! खाली उभा माणूस हातानं खूण करायचा आणि वर काका बटण दाबायचे. निवृत्त झाले, तिथेच सुपेला वस्तीच्या मागे घर बांधलं, पण सवय सुटली नाही. जेवताना वरण हवं असलं की बोट वर, पुरे झालं की तळहात आडवा. काकू वैतागायच्या, "तोंड देवानं कायले देल्लं यायले, निस्तं पान खाले?"

कारखान्यातला एक नियम मात्र त्यांनी घरीदारी सगळीकडे लावला होता. "चल म्हननारा एकच पायजे, पन थांब कोनीबी म्हनावं. झाडूवाल्यानं म्हनलं तरी थांबा लागते." लग्नाची बोलणी असोत की नळावरचं भांडण, काका हे ऐकवणारच. त्यांचा मुलगा तर हे ऐकतच मोठा झाला.

काकूंना समुद्र पाहायचा होता. लग्न झालं तेव्हापासून! आधी काकांना सुटी नव्हती, आणि सुटीच सुटी झाली तेव्हा काकूंचे गुडघे गेले. "लॉजमंधले संडास आठवूनच मले घाम येते," त्या म्हणायच्या. मग काकांनी काय करावं? कॅरॅव्हॅन आणली! जीपमागे ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, गॅस आणि खास काकूंसाठी उंच कमोड. काका त्याला 'डबा' म्हणायचे. बघायला अख्खी गल्ली लोटली.

पण हे धूड अंगणात घालायचं कसं? जीपनं मागे रेटावं तर ते भलतीकडेच वळे, फाटकापाशी उतार आणि उताराला लागून नाली. शेवटी आम्ही सगळ्यांनी "जोर लगा के" म्हणत ढकललं. डबा उतारावर सुटला आणि काकू नालीत पडता पडता वाचल्या. काका पांढरेफटक पडले. "धक्का मारनारे सारे, अन् सिग्नल देनारा कोनीच नाई! आता कोनी हात लावाचा नाई." त्या दिवशी डबा कोपऱ्यावरच्या मैदानात उभा राहिला. घरी आला नाही तर तो परत करावा लागणार, आणि त्याच्याबरोबर काकूंचा समुद्रही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा काकांनी मूव्हर शोधून काढला. चाकांपाशी मोटारी बसवायच्या, त्यांचे फिरते रूळ टायरला घट्ट टेकतात आणि हातातल्या रिमोटवर डबा जीपशिवाय हळूहळू सरकतो. मुलगा रायपूरहून फोनवर म्हणाला, लहानसा घ्या, पुरे होतो. काका उखडले. "कंपनीवाला रिकाम्या डब्याचं वजन सांगून राहिला. तुही माय रिकाम्या हातानं निंगते का कुठं?" डबा थेट ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर नेला, तोही भरलेला सिलिंडर, पाण्याची टाकी, लोणच्याच्या बरण्या आणि पाटा-वरवंट्यासकट. मग काकूंनाही म्हणाले, बस आत.

"मले कावून तोलता? मी काय भंगार आहो?" काकू गुडघे विसरून ताडताड चालत्या झाल्या. काकांनी त्यांचं वजन अंदाजानं मिळवलं. किती धरलं ते त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

रूळ टायरला लावायला वाकून लिव्हर ओढायचा मूव्हर स्वस्त होता, पण काकांनी बटणाचाच घेतला. "माह्या कमरेचं सोड. उद्या तुले चालवा लागला त?"

"मी कायले चालवू!" काकू म्हणाल्या.

पहिल्या चाचणीला रिमोट काकांच्या हाती आणि खुणा करायला काकू. काकांची नजर डब्यावर नाहीच, काकूंच्या हातावर! डबा मस्त सरकत होता. तेवढ्यात मी आमच्या गच्चीवरून ओरडले, "काय काकू, झालं का?" काकूंनी माझ्याकडे हात हलवला. झालं! काकांनी तीच खूण मानली आणि डबा वळून कुरड्यांच्या खाटेवर चढला. दोघं कडाकडा भांडले, मग हसत सुटले. त्यानंतर खुणा करताना काकू पदर कमरेला खोचायच्या आणि मला ओळखही दाखवायच्या नाहीत. डबा मात्र रोज न घासता अंगणात जाऊ लागला.

सराव म्हणून दोघं जवळच्या नंदिनी नगरपर्यंत जाऊन आले. पुढच्या महिन्यात पुरीला निघायचं ठरलं, आणि काका झोपेतच गेले. असा राग आला मला त्यांचा! इतकी तयारी करून कोणी असं जातं का?

काकांचे दिवस झाले. मुलानं डब्याला गिऱ्हाईक पाहिलं. त्याचंही काही चूक नव्हतं, आई एकटी, डबा कोण ओढणार? गिऱ्हाईक माणसं घेऊन आलं. रिमोट कुठे आहे हे कोणी विचारलं नाही. माणसांनी डब्याला हात लावला आणि "जोर लगा के" सुरू झालं. काकू ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनाही कोणी काही विचारलं नव्हतं.

त्या उठल्या, फाटकात येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात आडवे पसरले.

मुलानं पाहिलं मात्र, त्याचे हात आपोआप सुटले. "थांबा रे!" तो माणसांवर ओरडला. मग म्हणाला, "काय झालं आई?"

"थांब कोनीबी म्हनावं," काकू म्हणाल्या. "मले समुद्र पाहाचा हाय. तू जीप चालवशीन का पुरीवरी?"

डोळे पुसत त्यानं मान डोलावली. गिऱ्हाईक तणतणत गेलं. काकूंनी आतून रिमोट आणला आणि मला पुढे बोलावलं.

"तिकडं उभी राय. अन् कोनी हाक मारली त हात हलवू नको, सांगून ठेवतो."

मला काकांची फार आठवण आली. मी पदर कमरेला खोचला आणि हात वर केला. काकूंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि बटण दाबलं.