मधल्या मधी उजेड कोण खातं?

भास्कर गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर त्याचा फोटो, खाली जोडलेले हात... मी विश्वास ठेवला नाही. आमच्या एका धडधाकट मास्तरांचा फोटो त्याच ग्रुपवर असाच फिरला होता. आणि उजळलेल्या पडद्यावर दिसेल ते खरं धरायचं नाही, हे मला भास्करनंच शिकवलेलं. मी त्याच्याच नंबरवर फोन लावला. त्याच्या बायकोनं, मंदावहिनींनी उचलला. "भावजी, खरंय वो," एवढंच म्हणाल्या. शिनोलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना छातीत कळ आली आणि तो बसल्या जागीच गेला.

शाळेपासून आम्ही बरोबर. पुढं मी शिक्षक झालो, त्यानं घोडेगावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. स्वभावानं पक्का संशयी. पेट्रोल भरताना पंपावरच्या काट्यावरून नजर हटायची नाही, गाळ्यात नवी वस्तू आली की आधी उघडून बघणार, मगच चालू करणार. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझी शाळा आहे. तिथं कुणीतरी देणगीत प्रोजेक्टर दिला, तेव्हा मला भास्कर आठवला. भर दिवसा चित्र फिक्कट दिसायचं. खिडक्यांना पोती लावून वर्ग अंधारा करावा लागे, आणि त्या उकाड्यात निम्मी पोरं पेंगायची.

भास्करनं खोक्यावरचा उजेडाचा आकडा वाचला आणि हसला. "रंगा, ह्यो उजेड दिव्याचा हाय. पडद्यावर पोचतो त्याचा न्हाई. मधल्या मधी खातंय कोण, ते बघू." चोर शोधावा तशी त्यानं मशीन उघडली. आत, चित्र तयार होतं त्या काचेच्या अलीकडं एक काळपट फिल्म होती, उन्हात ठेवल्यासारखी करपलेली. तीच खात होती. एका जातीचा उजेड पुढं सोडायचा आणि उरलेला निम्मा गिळून तापायचं, हेच तिचं काम. फुटक्या टीव्हीच्या पडद्यांत एक चंदेरी फिल्म निघते. ती नको असलेला उजेड गिळत नाही, मागं परतवते. भास्करनं तिचा तुकडा कापून काळ्या फिल्मच्या अलीकडं बसवला. परतलेला उजेड आतल्या पांढऱ्या भिंतींवर आपटून पुन्हा पुढं यायला लागला. सगळा नाही, पण बराच. आम्ही एक खिडकी उघडली, मग दुसरी. "सर, ऊन आलंय तरी दिसतंय!" चौथीतली कोमल ओरडली. भास्कर मात्र पडद्याजवळ जाऊन बघत होता, खरंच उजळलंय का आपल्याला तसं वाटतंय.

मग आजूबाजूच्या शाळांनी त्याला बोलावलं. त्याचं काम छान चाललं होतं, आणि तेव्हाच कळंबच्या एका हॉलमध्ये मंचरच्या एका व्यापाऱ्यानं नवी मशीन दाखवायला ठेवली. दारं सताड उघडी, आणि चित्र लख्ख. भास्कर माझ्या शेजारीच उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ह्याला कुनी सांगितलं?"

"काय?"

"फिल्मचं. दोघांनाच म्हाईत व्हतं. तू आन मी."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलो, आणि तिथंच घात झाला. आम्ही एकाच मोटारसायकलवर आलो होतो. मला हॉलच्या दारात सोडून तो निघून गेला.

त्यानंतर बोलणं बंद. बाजारात समोरून आला तर रस्ता बदलायचा. संशय साथीसारखा लागतो... एकदा त्या व्यापाऱ्याशी तो चहा पिताना दिसला आणि माझ्याही मनात आलं, यानंच तर विकलं नसेल? आळ माझ्यावर ढकलून मोकळा झाला असेल? मी दुसऱ्या मेकॅनिककडं जायला लागलो. शाळेतली मशीन धुळीनं मंदावत गेली. खिडक्यांना पुन्हा पोती लागली.

दोनेक वर्षं अशीच गेली. गेल्या हिवाळ्यात दुपारच्या सुट्टीत पोरं खिचडी खात होती, तेव्हा तो वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. व्यापाऱ्याकडची एक मशीन बिघडून त्याच्या दुकानात आली होती.

"रंगा, उघडून बघितली. चंदेरी फिल्म कारखान्यातनंच बसवून येती. लांब कुठंतरी माज्या आधीच कुनाला तरी सुचलं व्हतं."

"मग?"

"मग तू न्हाई सांगितलंस."

"हे मी तेव्हाच म्हणालो असतो. तू थांबलास कुठं?"

"सांगितल्यालं मला पटत न्हाई राव. उघडून बघाय लागतं." चपला काढत म्हणाला, "मानूस उघडून बघता येत न्हाई, त्याला काय करू?"

माफी त्यानं मागितली नाही. आमच्यात बसून खिचडी खाल्ली, मशीनमधली धूळ फुंकली, करपलेली फिल्म बदलली आणि स्वतःच्या हातानं पोती काढून टाकली. पुढचे काही महिने चांगले गेले. तरी एक गोष्ट मनात राहिलीच आहे. ती मशीन बिघडली नसती तर? त्यानं मला असंच खरं मानलं असतं का? आता विचारायला तो नाही.

परवा शिनोलीला त्याच्या घरी जाऊन आलो. घराला रंग द्यायचं काम चाललंय. बाहेरच्या खोलीची एक भिंत तेवढी सोडलेली, तिच्यावर पांढऱ्याच्या निरनिराळ्या छटांचे मोठमोठे चौकोन. पडदा घेणं न परवडणाऱ्या शाळांना भिंतीवरच उजळ चित्र दिसावं म्हणून भास्कर शेवटी शेवटी त्या रंगाच्या मागं लागला होता. "रंगारी म्हनतो, भिंत डागाळलीया," वहिनी म्हणाल्या, "मी म्हनलं, ऱ्हाऊ दे." त्यांनी खिडकी उघडली. ऊन भिंतीवर आलं.

"भावजी, ह्यातला कंचा बरा?"

मला सगळे सारखेच दिसत होते. वहिनींना बरं वाटावं म्हणून मी मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"असं नुसतं सांगू नगा," त्या म्हणाल्या. "मशीन लावून दाखवा."