कानशिलावरची वायर

सांगलीच्या एका दवाखान्यात मी मेंदूचा आलेख काढायचो. डोक्याला वायरी चिकटवल्या की पडद्यावर लाटा उमटतात. फिटचा आजार असेल तर मधेच टोकदार लाट येते. आमची अट एकच, केस धुऊन, बिनतेलाचं यायचं.

जतकडची एक मेंढपाळ बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी बसल्या जागी गप्प होऊन टक लावायची, हाक ऐकू यायची नाही. वेणी तेलानं निथळत होती.

"बाई, डोकं हाय का तेलाचा घाणा?"

"आवं सायेब, कोरड्या डोक्यानं पोरीला येशीभाईर काढत न्हाई आमी," ती हसली. "धुते की आत्ता. नळ कुठं हाय?"

मला तीनची साताऱ्याची गाडी धरायची होती. मी तशाच वायरी चिकटवल्या. डाव्या कानशिलापाशी टोकदार लाटा आल्या. वायर काढून, जागा पुसून पुन्हा लावायला पाच मिनिटं लागली असती. मी शेरा लिहिला: तेलामुळे वायर सैल, लाटा खोट्या. डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला. गोळ्या सुरू झाल्याच नाहीत.

दोन महिन्यांनी बाई एकटीच आली. शेळ्यांना पाणी पाजताना मुलीला झटका आला होता आणि ती शेततळ्यात पडून बुडाली होती.

"म्या तेल लावलं म्हणून मशिनीला दिसलं न्हाई का वो?"

"व्हय," मी म्हणालो. "सांगितलं हुतं की, बिनतेलाचं या म्हणून."

पदरानं तोंड पुसून ती निघून गेली.

त्या संध्याकाळी मी तो आलेख पुन्हा उघडला. सैल वायरीची खोटी लाट त्या एका वायरीपुरतीच असते. इथं शेजारच्या दोन वायरींतही, त्याच क्षणी, तीच लाट होती. तेलानं काहीच झाकलं नव्हतं. मशीनला दिसलं होतं, आणि मलाही. हे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गावी गेलो. बाई दोन वर्षांमागं वारली होती. सुनेनं पाणी दिलं. दारात सुनेची लेक उभी होती, केस राठ, तांबूस.

"सासूबाई घरात तेलाची बाटली ठिवू देत न्हवत्या," सून म्हणाली. "नातीच्या डोक्याला बोट लावू दिलं न्हाई कवा."

मी सुनेला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या हातातला तांब्या घेतला.

"सासूबाई हुत्या तवाबी सांगलीस्नं गाडी रोज येत हुती हितं, आजोबा," ती म्हणाली.